दिलातून निघालेल्या नळ्या

गेल्या अंकात हृदयाच्या चार कप्प्यांवर लिहिलं आणि ‘नळ्यांचं नंतर बघू’ म्हणून मी वेळ मारून नेली. वाचकांनी ती मारू दिली नाही. पत्रं आली, मोबाइलवर निरोप आले, आणि परवा कपिलतीर्थ मंडईत मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत असताना एका गृहस्थांनी गाठलंच, “बाई, ते नळ्यांचं राहिलंय न्हवं?” राहिलंय खरं. 31 वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहून पोरांना हेच शिकवलं, फॉर्मालिनचा वास अजून स्वप्नात येतो, तेव्हा मला टाळाटाळ शोभत नाही. पाच प्रश्न घेते. एक आधीच सांगते: आमच्या वेळी हृदयाच्या कप्प्यांना कर्णिका आणि जवनिका म्हणत, हल्ली शाळेच्या पुस्तकात अलिंद आणि निलय असतं. मी सरळ वरचा कप्पा, खालचा कप्पा म्हणणार.

प्रश्न : मंडळाच्या शिबिरात मी दरवर्षी रक्त देतो. शिरांमधलं रक्त अशुद्ध असतं असं शाळेत शिकलो. सुई तर शिरेतच घालतात. मग पेशंटला अशुद्ध रक्त चढवतात काय? यावरून आमच्या पोरांत पैज लागलीय. — एक रक्तदाता, मंगळवार पेठ

उत्तर : पैजेचे पैसे कोणाकडे जायचे ते तुम्ही ठरवा, माझं भांडण ‘अशुद्ध’ या शब्दाशी आहे. अशुद्ध म्हटलं की डोळ्यांपुढे गटार येतं. शिरेतल्या रक्तातला ऑक्सिजन थोडा खर्ची पडलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला असतो, इतकंच. शांत बसलेल्या माणसाचं रक्त अंगभर फिरून हृदयाकडे परततं तेव्हाही त्यात निघतानाच्या ऑक्सिजनपैकी जवळपास तीन चतुर्थांश शिल्लक असतो. रुपयातले बारा आणे खिशात ठेवून घरी परतलेल्याला कोणी कंगाल म्हणत नाही.

शिवाय पेशंटलाही ते शिरेतूनच चढवतात. दंडातून खांद्याकडे, हासळीच्या हाडाखालून वरच्या महाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, मग उजव्या खालच्या, आणि तिथून थेट फुप्फुसात. म्हणजे तुमचं रक्त त्याच्या अंगाला लागायच्या आधी फुप्फुसाची वारी करून, लाल होऊनच पुढं जातं. रक्तपेढीला चिंता असते ती वेगळ्या अशुद्धीची. त्यासाठी प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते.

आता तो शाळेतला नियम. ‘धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध’ असं पाठ करून घेतात आणि खाली बारीक अक्षरात लिहितात, अपवाद : फुप्फुसधमनी व फुप्फुसशिरा. जरा मोजू या. हृदयाला जोडलेल्या मोठ्या नळ्या म्हणजे वरची महाशिरा, खालची महाशिरा, एक फुप्फुसधमनी, चार फुप्फुसशिरा (प्रत्येक फुप्फुसाकडून दोन) आणि अंगभर रक्त नेणारी महाधमनी. झाल्या आठ. फुप्फुसधमनीतून काळपट रक्त जातं, चारही फुप्फुसशिरांतून लालभडक येतं. म्हणजे आठात पाच अपवाद! असा नियम आमच्या गल्लीतल्या भिशीतसुद्धा चालणार नाही.

घरची शेती असेल तर तुम्हाला खरा नियम आधीच ठाऊक आहे. ओघळ ओढ्याला मिळतो, ओढा नदीला, आणि भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावर एक होऊन पुढं पंचगंगा म्हणून वाहतं. शिरा अशा असतात, मिळत मिळत मोठ्या होणाऱ्या. उसाला पाणी पाजताना याच्या उलट : पाट, पाटातून दांड, दांडातून सरी. धमन्या अशा, फुटत फुटत बारीक होणाऱ्या. पाटाला गढूळ पाणी आलं म्हणून त्याला कोणी ओढा म्हणत नाही. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. रंग विचारायचाच नाही.

प्रश्न : रविवारी मटणाबरोबर दिल आणलं. साफ करताना वरच्या अंगाला रबरासारखी पांढरी नळी लागली, दाबली तरी मिटेना. ती काय असते? आणि सासूबाई म्हणतात हेच काळीज, पण दुकानात काळीज मागितलं की भलतंच देतात. — एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : आधी सासूबाईंचं. ‘काळीज धडधडतं’ तेव्हा ते हृदय असतं, आणि ‘पावशेर काळीज द्या’ म्हटलं की तराजूत यकृत पडतं. मराठीनं हा घोळ फार जुन्या काळापासून घालून ठेवलाय. सासूबाईही बरोबर आणि मटणवालाही.

ती पांढरी नळी म्हणजे महाधमनी. रस्सा पुढच्या रविवारी करा, या रविवारी माझं ऐका. दुकानात सांगा की दिल चिरू नका, वरच्या नळ्या जरा लांब ठेवा. घरी आणून ताटात ठेवा आणि बोटानं चाचपा. महाधमनी उघड्या तोंडानं उभी राहील, सायकलच्या नळीसारखी. तिच्या पुढ्यातली, किंचित पातळ, ती फुप्फुसधमनी. शिरा शोधायला वेळ लागेल, कारण त्या उभ्या राहतच नाहीत. ओल्या कापडासारख्या पडून असतात आणि नुसती भोकं दिसतात. फुप्फुसधमनी पातळ का, तर तिला फुप्फुसापर्यंतच जायचंय. माणसात तिथला दाब साधारण 25 वर 10 असतो, महाधमनीत 120 वर 80.

महाधमनी दोन बोटांत धरून ओढा आणि सोडा. परत येते ना? तिच्या भिंतीत ताणल्या जाणाऱ्या तंतूंचे थरावर थर असतात. आपलं हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त तिच्यात फेकतं, टपरीवरचा एक कटिंग चहा समजा. ती फुगते, तेवढ्यापुरतं रक्त पोटात घेते, आणि हृदय विसावा घेत असताना आवळून ते पुढं ढकलते. म्हणून दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहतं राहतं आणि तुमच्या बीपीचा खालचा आकडा शून्यावर येत नाही. वय वाढलं की ही नळी कडक होत जाते. म्हाताऱ्या माणसांचा वरचा आकडा चढतो त्याचं हे एक मोठं कारण. मिनिटाला पाच लिटर म्हणजे तेलाचा एक कॅन, दिवसाला सात हजार लिटरच्या वर. पाइपलाइन फुटल्यावर गल्लीत येतो त्या टँकरची आठवण ठेवा.

आता गंमत. दिल सरळ धरून महाधमनीच्या तोंडात तांब्यानं हळू पाणी ओता. पाणी आत पडून जाणार नाही, तोंडाशी थांबेल. तळाशी अर्धचंद्राच्या आकाराचे तीन खिसे आहेत. पाणी भरलं की ते फुगून एकमेकांना भिडतात आणि वाट बंद. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे आपण दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकतो. बटण दाबायला कोणी नसतं, पाण्याचा दाबच दार उघडतो. हृदयाच्या झडपांचंही तेच, दाबावर उघडतात आणि दाबावरच मिटतात. नंतर कात्रीनं नळी उभी कापा. खिशांच्या वरच्या कडेपाशी उदबत्तीची काडी जाईल एवढी दोन भोकं दिसतील. हृदयाच्या स्वतःच्या दोन धमन्या तिथून सुरू होतात, ज्यांत ब्लॉक झाला की अॅटॅक येतो त्या याच. महाधमनीच्या पहिल्याच दोन फांद्या हृदयानं स्वतःसाठी राखून ठेवल्यात, आणि हृदयाच्या डाव्या, जाड भागाला त्यांतलं बहुतेक रक्त हृदय सैल पडल्यावर मिळतं. मुकादमानं आधी आपला पगार काढून घ्यावा तसं.

शिरांच्या तोंडाशी मात्र असली शिस्त नाही. वरच्या महाशिरेच्या तोंडाला झडपच नसते, खालचीला गर्भातल्या कामातून उरलेली नुसती एक पाळ. त्यामुळं उजव्या कप्प्यात दाब वाढला की तो मागं मानेपर्यंत दिसतो. डॉक्टर तुम्हाला अर्धवट टेकवून मानेकडे टक लावून बघतात ते यासाठी.

एक फरक लक्षात ठेवा. बकऱ्याच्या महाधमनीच्या कमानीतून डोक्याकडे आणि पुढच्या पायांकडे जाणारी एकच जाड फांदी निघते, माणसात तीन. त्या तिघींशी पुढच्या प्रश्नात गाठ आहे.

प्रश्न : वडिलांची सोमवारी अँजिओग्राफी आहे, मनगटातून करणार म्हणतात. मनगटातली बारीक नस हृदयाला थेट जोडलेली असते काय? तार वाट चुकून डोक्यात गेली तर? वडील घाबरलेत. खरं सांगायचं तर मीच जास्त. — कागल

उत्तर : हे पत्र अंकासाठी थांबवण्यासारखं नव्हतं, त्यामुळं यांच्याशी मी फोनवर बोलले. वडील आता घरी आहेत, भाकरी खाताहेत. इथं सगळ्यांसाठी लिहिते.

अँजिओग्राफी म्हणजे तार आणि तिच्यावरून बारीक नळी हृदयाच्या धमन्यांपाशी नेऊन, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून, ब्लॉक आहे का ते बघणं. सुरुवात अंगठ्याखाली, जिथं वैद्य नाडी बघतात तिथं. ती नळी कोपराशी दंडातल्या मोठ्या धमनीला मिळालेली असते, दंडातली बगलेत जाते, बगलेतली हासळीच्या हाडाखालून छातीत शिरते. (‘मिळते’ म्हणाले कारण तार उलट्या दिशेनं चाललीय. रक्ताच्या हिशोबानं तिथं फाटा फुटतो.) म्हणजे जोडलेली आहेच, पण बऱ्याच वळणांनी.

आता बोट वापरा. गळ्याखाली दोन हासळ्यांच्या मध्ये खड्डा आहे, तिथून छातीच्या हाडावर बोट सरळ खाली सरकवा. साधारण तीन बोटांवर एक आडवा उंचवटा लागेल. लागला? हृदयातून वर निघालेली महाधमनी जेमतेम पाच सेंटिमीटर चढून या पातळीला येते, तिथून मागं आणि डावीकडे कमान टाकते, आणि याच पातळीला मागं, मणक्याशी उतरते. कमानीच्या पाठीवरून तीन फांद्या निघतात. पहिली उजवीकडची, तीच पुढं फुटून उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूला जाते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. उजवीकडे एकत्र कुटुंब, डावीकडे वाटण्या झालेल्या. काही माणसांत यात थोडा फेरफार असतो, पहिल्या दोघी एकाच बुंध्यातून निघतात. टेबलावर असं शरीर आलं की आम्ही शेजारच्या बॅचलाही बोलावून दाखवायचो.

तेव्हा उजव्या मनगटातून गेलेल्या तारेला मानेकडे जाणारा फाटा वाटेत लागतो, ही तुमची शंका बिनबुडाची नाही. पण तारेचं टोक मऊ आणि वळलेलं असतं, आणि डॉक्टर सगळा प्रवास एक्स-रेच्या पडद्यावर बघत असतात. चुकीच्या फाट्याला लागली की मागं घेतात. मेंदूला, मनगटाच्या नळीला किंवा डायमुळं किडनीला त्रास होण्याचा धोका असतो, शून्य नसतो. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी वाचा आणि तुमच्या वडिलांचं वय, साखर, किडनी बघता धोका किती, हे विचारा. विचारलं म्हणून डॉक्टर रागवत नाहीत. रागावले तरी विचारा.

चार वर्षांपूर्वी माझीही झाली, उजव्या मनगटातूनच. टेबलावर पडून मान वळवून पडदा बघत होते आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, आता कोपर, आता बगल, आता पहिली फांदी. शेजारची नर्स मुलगी हसायला लागली. मनगटाशी टोचलं, हातात एकदा मुरडा आल्यासारखी कळ आली, पुढं छातीत तार फिरतेय याचा काही पत्ता नाही, कारण नळीला आतून ते कळतच नाही. कमानीपाशी तार अडली. हृदयाकडे उतरायचं सोडून ती सारखी डावीकडच्या उतारानं, पोटाच्या दिशेनं निघायची. दोनदा झालं. मग डॉक्टर म्हणाले, “मॅडम, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.” घेतला. आणि पडद्यावर माझ्या डोळ्यांदेखत तार सुळकन वळून हृदयाकडे उतरली.

मोठा श्वास घेतला की पोट आणि छातीमधला पडदा खाली जातो, त्याच्याबरोबर हृदय खाली ओढलं जातं आणि कमानीचं वळण थोडं सरळ होतं. सांगितल्यावर दोन मिनिटांत पटलं. पण 31 वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कुठून, माझ्या टेबलावरच्या कोणी कधी श्वास घेतला नव्हता. घरी आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: कमान हलते. एकानं उत्तर दिलं, “मॅडम, तुम्ही तर ती खिळ्यानं ठोकल्यासारखी शिकवलीत.”

एक माणूस इथं सांगायलाच हवा. 1929 साली जर्मनीत वर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या डाव्या दंडातली शीर उघडून तिच्यातून 65 सेंटिमीटर रबरी नळी आत सरकवली आणि तशीच घेऊन चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. नळीचं टोक हृदयात दिसलं. तो शिरेतून गेला होता, त्यामुळं कमान वगैरे काही आडवं आलं नाही; नदीच्या प्रवाहाबरोबर उजव्या वरच्या कप्प्यात पोचला. तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं, 1956 साली नोबेल मिळालं. तुमच्या वडिलांनी फक्त डॉक्टर सांगतील तेव्हा श्वास धरायचा होता.

प्रश्न : पोट दुखलं की आई बेंबीशी बोट दाबून ‘बेंबी सरकली’ म्हणते आणि तेल लावून चोळते. बोटाला ठोका खरंच लागतो. तो कसला? — शाहूवाडी

उत्तर : तो महाधमनीचा. कमानीवरून मागं उतरलेली ही नळी मणक्यांच्या पुढून, थोडी डावीकडे, छाती आणि पोटामधला पडदा ओलांडून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीला दोन पायांसाठी दुभंगते. अंगानं बारीक असलेल्या माणसाला उताणं झोपवलं तर बेंबीच्या वर ठोका लागतोच. पोटात गॅस असला, पोटाचे स्नायू आवळलेले असले की तो कमी-जास्त लागतो, इकडे-तिकडे लागल्यासारखा वाटतो. सरकलेलं काही नसतं. आईच्या हातानं बरं वाटत असेल तर तेल चालू दे, दाबणं मात्र हलकं ठेवायला सांगा. घरात साठी उलटलेलं, विडी-सिगारेट ओढणारं कोणी असेल आणि ठोक्याच्या जागी रुंद, उसळणारा गोळा लागत असेल, तर त्याला चोळू नका, सोनोग्राफी करा.

प्रश्न : तीन महिन्यांच्या नातीला ‘डक्ट उघडा आहे’ असं सांगितलंय. हृदयाला भोक म्हणतात ते हेच का? — आजोबा, इचलकरंजी

उत्तर : नाही आजोबा. भोक हृदयाच्या आतल्या पडद्याला असतं. डक्ट म्हणजे हृदयाच्या बाहेरची एक वाट, फुप्फुसधमनी आणि महाधमनीची कमान यांना जोडणारी. आणि जन्माआधी ती प्रत्येकाला असते, तुम्हाला-मलाही होती. पोटातलं बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही, तेव्हा सगळं रक्त तिकडे पाठवून करायचं काय? म्हणून बहुतेक रक्त या आडवाटेनं थेट महाधमनीत जातं. जन्मल्यावर पहिला ट्यांहा झाला, फुप्फुसं उघडली की दोन-तीन दिवसांत ही वाट आवळून बंद होते आणि पुढं तिची नुसती दोरी उरते. टेबलावर ही दोरी शोधून दाखवणाऱ्याला मी एक मार्क जास्त द्यायची. तिच्या शेजारून, कमानीला खालून वळसा घालून, आवाजाच्या पेटीचा डावा मज्जातंतू वर जातो, त्यामुळं कमान फुगलेल्या माणसाचा आवाज कधीकधी घोगरा होतो.

नातीची वाट मिटलेली नाही. आता महाधमनीत दाब जास्त, म्हणून रक्त उलटं फिरून पुन्हा फुप्फुसात शिरतं आणि फुप्फुसावर, हृदयावर बोजा पडतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे जास्त दिसतं. वाट बारीक असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मोठी असेल तर बरेचदा छाती न उघडता, जांघेतून नळी नेऊन बूच बसवतात. छाती उघडून ही वाट पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली ती रॉबर्ट ग्रॉस यांनी, बोस्टनमध्ये, 1938 साली, सात वर्षांच्या मुलीची. खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी जवळच्या सरकारी दवाखान्यात करा, जन्मजात हृदयदोष त्यात येतात.

बाळ दूध पिताना दमतंय का, घामाघूम होतंय का, वजन वाढतंय का, हे सुनेला विचारून डॉक्टरांना सांगा. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये त्या वाटेची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तो आकडा आणि नातीचं आजचं वजन मला कळवा. झेरॉक्स पाठवू नका, मागच्या वेळी एकांची आली ती नुसती काळी होती; मोबाइलवर उजेडात काढलेला फोटो चालेल.